संपलेल्या नाटकांचे रुमाल

तीन नाट्यगृहं, तिन्हीकडे आमचाच तिकीटविक्रीचा प्रोग्राम, अक्षर न् अक्षर एकच. आजारी पडायचं मात्र फक्त परळचं. दादरला गर्दी कितीतरी जास्त, गिरगावला कॉम्प्युटर सगळ्यांत जुने, तरी ती दोन्ही ठणठणीत. परळचा सर्व्हर दर काही आठवड्यांनी धापा टाकायला लागायचा आणि नेमका बुकिंग उघडलेल्या सकाळी आडवा व्हायचा.

"बाकी सगळीकडे चालतंय, फक्त इथेच नाही." हे वाक्य ऐकलं की लोक वैतागतात. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटतात. कारण या वाक्याचा अर्थ एवढाच, की उत्तर इथेच कुठेतरी आहे. आपल्याला फक्त बसून बघायचंय.

माझं काम काय हे माझ्या आईला अजून नीट सांगता येत नाही. "कॉम्प्युटर दुरुस्त करते," असं ती आमच्या गावी, औशात सांगते. मी कॉम्प्युटरला हातही लावत नाही. सर्व्हर म्हणजे महिनोन्‌महिने न थांबता चालणारा प्रोग्राम, आणि तो चालता चालता का जड होतो ते मी शोधते. आमचे प्रोग्राम जावा नावाच्या भाषेत लिहिलेले असतात. काम करताना प्रोग्राम मेमरीत पसारा मांडतो. प्रत्येक तिकिटाचा, प्रत्येक खुर्चीचा. जावाचं कौतुक असं, की तिच्याकडे स्वतःचा झाडूवाला असतो. तो मधूनमधून येतो आणि ज्या वस्तूला आता कुणी धरलेलं नाही, ती उचलून नेतो.

इथे एसटी डोळ्यांसमोर आणा. गाडी फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. रुमाल असलेल्या जागेवर कुणी बसत नाही. आमचा झाडूवालाही तितकाच सभ्य आहे. ज्या वस्तूवर कुणाचा रुमाल आहे, तिला तो हात लावत नाही. माणूस कधीच उतरून घरी गेला, रुमाल मात्र तिथेच राहिला, तर ती जागा कायमची अडली. असे रुमाल साठत गेले की गाडी रिकामी असूनही भरलेली. याला आम्ही मेमरी लीक म्हणतो. नाव गळतीचं आहे, पण गळत काहीच नाही; उलट साठत जातं. शेवटी झाडूवाला सारखा झाडत राहतो, त्याला उचलायला काही मिळत नाही, सगळा वेळ झाडण्यात जातो आणि तिकीट काढणाऱ्यांसमोर कॉम्प्युटरचा पडदा गोठतो.

यावर जगभर चालणारा उपाय म्हणजे बंद करून पुन्हा चालू करणं. सगळे रुमाल एका झटक्यात गायब. परळलाही तेच करायचे. पण त्या उपायानेच तिथे एका माणसाचा जीव दुखावला होता, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

मी गेले ती आमच्या कामत सरांनी पाठवलं म्हणून. कामत सर आमच्या दादरच्या छोट्या कंपनीचे मालक. माझ्यासारख्या लातूरच्या कॉलेजातून आलेल्या, इंग्रजी बोलताना अडखळणाऱ्या मुलीला त्यांनी कामाला घेतलं, याचं ऋण मी विसरत नाही. पण या वेळी त्यांचं मत आधीच ठरलेलं होतं.

"सुरेखा, तिथली बाई काहीतरी भलतंसलतं दाबते बघ. दोन ठिकाणी चालतंय म्हणजे प्रोग्राम बरोबर आहे. जा, तिला शिकवून ये."

ती बाई म्हणजे नलूताई तावडे. तिकीटखिडकीमागे एका उंच स्टुलावर बसलेल्या, डोक्यावर गजरा, डोळ्यांवर चष्मा, फोन खांद्याने कानाला लावलेला. मी नाव सांगितलं तर मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "माका शिकवूक इलंस? बस. आधी चाय घे, मग शिकव."

नाट्यगृह जुनं. दुपारी लालबागच्या मसालाबाजाराकडून वारा फिरला की मिरचीचा खाट थेट खिडकीत येतो आणि रांगेतल्या सगळ्यांना एकदम ठसका लागतो. इथे व्यावसायिक नाटकं कमी होतात. होतात ते कोकणातल्या गावांच्या मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांचे प्रयोग. गिरण्यांच्या काळात एकेका गावाची माणसं एकेका खोलीत राहायची. गिरण्या गेल्या, खोल्या गेल्या, माणसं पांगली. पण वर्षातून एकदा गावाचं नाटक होतं आणि सगळे त्या रात्रीपुरते पुन्हा एकत्र बसतात.

चहा संपता संपता नलूताईंनी मला गणपतआजोबांचं सांगितलं. आजोबा जुने गिरणी कामगार, त्यांच्या मंडळात तरुणपणी मृदंग वाजवायचे. गेल्या वेळच्या नाटकात त्यांची नात पहिल्यांदा उभी राहणार होती. त्यांनी नलूताईंना फोन केला, नलूताईंनी दोन खुर्च्या धरून ठेवल्या. त्या वेळी बुकिंग प्रयोगाच्याच दिवशी उघडलं होतं. सकाळी सर्व्हर गोठला, कुणीतरी बंद करून चालू केला, आणि धरलेल्या सगळ्या खुर्च्या मोकळ्या होऊन कुणीतरी मोबाइलवरून घेऊन टाकल्या. धरलेल्या जागा तेव्हा फक्त मेमरीत असायच्या, त्या पुसल्या गेल्या. संध्याकाळी आजोबा इस्त्रीचं धोतर नेसून खिडकीवर आले.

"मी काय सांगू त्यांना? सर्व्हर म्हणून कोण माणूस तेंका माहीत नाय. ते म्हणाले, नलू, तू शब्द दिलेलंस. आणि गेले गो घरी. मागे उभे राहून बघायला पण नाय थांबले. नातीचं काम नाय बघितलं. आता म्हणतात, त्या खिडकीवर पाय नाय ठेवणार."

शिकवायला आलेली मी, पिशवीतून लॅपटॉप काढायचीही लाज वाटली.

त्यातच नाट्यगृहाच्या समितीचे चिटणीस राणेसाहेब आत आले. त्यांनी मला आणि नलूताईंना एकदमच सांगितलं, "हे बघा, महिनाअखेरीस गणपतआजोबांच्या मंडळाच्या वार्षिक नाटकाचं बुकिंग आहे. त्या दिवशी परत बंद पडलं, तर समितीने ठरवलंय, खिडकी बंद. सगळं मोबाइलवर. तावडेबाई, राग मानू नका."

"राग कसला साहेब," नलूताई म्हणाल्या. "मोबाइल तुमच्या वहिनींना पंख्याखालून उठवून दुसरी जागा देईल ना, मग झालं."

राणेसाहेब हसले, पण निर्णय हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. खिडकी बंद म्हणजे नलूताईंची नोकरी बंद.

मी कामाला लागले. यात माझी पहिली पायरी ठरलेली आहे आणि ती मला कुठल्या पुस्तकाने नाही, माझ्या वडिलांनी शिकवली. वडील औशाच्या आडत बाजारात मापाडी होते. पोतं काट्यावर टाकण्याआधी रिकाम्या पोत्याचं वजन दुसऱ्या पारड्यात टाकून काटा सारखा करायचा, याला धडा करणं म्हणतात. आधी धडा, मग माप. मेमरीचंही तसंच. ती दिवसभर चढते-उतरते, तिचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो, आणि नवखा माणूस त्या चढण्याला घाबरतो. चढण्याचं काही नाही. झाडूवाला पूर्ण झाडून गेल्यावर ती किती खाली येते, तेवढं बघायचं. रोज तिथेच येत असेल तर तब्येत उत्तम. तो तळच दिवसेंदिवस वर सरकत असेल, तर रुमाल साठताहेत.

परळचा तळ वर सरकत होता. फार नाही, पण एखाद्या हट्टी मुलासारखा, खाली यायचं नावच नाही.

आता आत काय साठलंय ते बघायला हवं. त्यासाठी मेमरीचा पूर्ण फोटो काढतात. अडचण एवढीच, की फोटो निघेपर्यंत सर्व्हरला श्वास रोखून उभं राहावं लागतं. भरल्या खिडकीवर, भर दुपारी, रुमाल जास्तीत जास्त साठलेले असतानाच तो काढायचा होता.

"किती वेळ लागेल?" नलूताईंनी विचारलं.

"थोडा वेळ."

"थोडा म्हणजे चाय की जेवण?"

"चहा."

"मग काढ." आणि त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून रांगेतल्या पहिल्या गृहस्थांना विचारलं, "काय हो, तुमच्या मुलीचं जमलं म्हणे? मुलगा काय करतो?" पुढचा सगळा वेळ रांगेत त्या मुलाची नोकरी, त्याचं गाव, त्याच्या मामाची वागणूक यावर अशी चर्चा पेटली, की पडदा गोठलाय हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. फोटो निघाला. मी अंगठा वर केला. नलूताईंनी स्थळ तिथेच अर्धवट सोडलं आणि विचारलं, "हां, कितवी रांग?"

फोटो मी दादरच्या ऑफिसात उघडला आणि खुर्चीवरून उठूनच उभी राहिले. आत खुर्च्यांचे नकाशे होते. एका प्रयोगाला एक नकाशा हवा, तो प्रयोग झाला की जायला हवा. इथे गेल्या वेळी बंद करून चालू केल्यापासून होऊन गेलेल्या सगळ्या प्रयोगांचे नकाशे जसेच्या तसे. कोकणी नमन-खेळे, नाटकं, एक सत्कार, एक शाळेचं संमेलन. पडदा पडून आठवडे झालेली ती सगळी नाट्यगृहं मेमरीत दिवे लावून बसली होती.

कुणाचे रुमाल? हे शोधणं म्हणजे साखळी उलटी चढत जाणं. नकाशा कुणी धरलाय, त्याला कुणी धरलंय, असं मुळापर्यंत. वाट एका यादीपाशी गेली. खुर्ची धरून ठेवली की आमचा प्रोग्राम तिथे एक कान ठेवून जातो. खुर्ची विकली गेली की रद्द झाली, हे तो कान ऐकतो आणि पडद्यावरचा रंग बदलतो. काम झालं की कान काढून घ्यायचा. इथे कानांचं रान माजलं होतं, आणि एकेक कान एकेका संपलेल्या नाटकाचा नकाशा धरून बसला होता.

मला वाटलं, झालं! मी प्रोग्राम उघडला. खुर्ची विकल्यावर कान काढलाय का? काढलाय. रद्द केल्यावर? काढलाय. पुन्हा वाचलं. बरोबर. ऑफिसात दिवसभर खोटी तिकिटं विकून पाहिली, रद्द करून पाहिली. तळ तसूभरही हलला नाही.

कामत सर मागून म्हणाले, "बघ, मी म्हणालो नव्हतो? प्रोग्राम बरोबर आहे. ती बाईच."

संध्याकाळी वडिलांचा फोन आला. मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. त्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. ते म्हणाले, "माय, माप चुकत असंल तर पोत्याकडं नको बघूस. पोतं टाकणाऱ्याच्या हाताकडं बघ."

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप बंद ठेवला आणि नलूताईंच्या मागे नुसती बसून त्यांच्या हाताकडे बघत राहिले.

आणि काय दिसलं! दादरला माणूस खिडकीवर येतो, खुर्ची मागतो, घेऊन जातो. इथे कुणीही पहिल्यांदा मिळालेल्या खुर्चीवर राहत नव्हतं. या माणसांना गावात जसे राहतात तसंच बसायचं असतं. वरची वाडी डावीकडे, खालची उजवीकडे, भावकी एका रांगेत. एक बाई आल्या, "नलू, माका तेच्या बाजूक नको गो. तो नाटकभर खोकता." बदल. दोन भाऊ, जमिनीवरून बोलणं बंद, पण आई एकच. तर आई मधल्या खुर्चीवर आणि दोघं दोन बाजूंना. बदल. मग सुनेने फोन केला, सासूबाईंना पुढचं दिसत नाही. बदल. आईबरोबर दोन्ही भाऊ पुढे सरकले म्हणून तिथला खोकणारा मागे. बदल. नलूताई हे सारं डोक्यात ठेवून एका बटनावर खटाखट करत होत्या. बटनावर लिहिलं होतं, 'जागा बदल'.

मी ते बटन ऑफिसात एकदाही दाबलेलं नव्हतं. आमच्यापैकी कुणीच नाही. आमच्या लेखी खुर्ची एकदा दिली की विषय संपला.

"नलूताई, हे बटन कुठून आलं?"

"मीच सांगितलेलं कामतसाहेबांना, फोनवर. लगेच करून दिलं हो त्यांनी. चांगला माणूस."

मी लॅपटॉप उघडला. यादीत किती कान आहेत, तो आकडा समोर लावला. "नलूताई, एक खुर्ची धरा. आता बदला."

त्यांनी बदलली. आकडा एकाने वाढला. खुर्ची एकच धरलेली, कान दोन! नव्या खुर्चीवर नवा कान ठेवला होता, जुन्या खुर्चीवरचा काढायचा राहून गेला होता.

माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "लाभ!"

"काय?"

"परत बदला!"

"बदलली."

"दोन! परत! तीन!"

रांग खिडकीत डोकावायला लागली. "गो बाय, लॉटरी लागली की काय तुका?" नलूताई हसत सुटल्या. मी सांगितलं, आमच्या बाजारात मापाडी पोती मोजताना 'एक' म्हणत नाहीत, पहिल्या पोत्याला 'लाभ' म्हणतात. माझ्या वडिलांनी आयुष्यभर असंच मोजलं. मला कॉलेजात घातलं तेही त्याच आवाजावर. इतक्या वर्षांत कॉम्प्युटरसमोर मी तो शब्द पहिल्यांदाच उच्चारला होता.

मी धावतच बस पकडून दादरला पोचले. कामत सरांना आकडे दाखवले. त्यांनी ते बटन स्वतः दाबून पाहिलं. मग म्हणाले, "बटन माझंच आहे. घाईत केलं होतं." आणि पुढे, "काढून टाक ते. बाकी दोन ठिकाणी कुणाला लागत नाही. बटन नाही तर प्रश्न नाही."

मी त्यांच्यासमोर आजवर कधी 'नाही' म्हटलेलं नव्हतं. माझ्यासारखीला ते सहज जमत नाही. मिळालं तेच पुष्कळ, अशी सवय असते. पण त्या दिवशी म्हटलं, "सर, बटन काढलं तर सर्व्हर वाचेल, पण खिडकीचं काम जाईल. लोक तिथे तिकीट घ्यायला येतच नाहीत, जागा बदलून घ्यायला येतात. एक ओळ लिहायचीय. जुना कान काढायची."

सरांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग खुर्ची सरकवून मला जागा करून दिली. "लिही तू. मी शेजारी बसतो." त्यांनी धरलेल्या जागा डिस्कवर उतरवायचं कामही स्वतःकडे घेतलं, म्हणजे पुढे कधी सर्व्हर बंद पडलाच तरी कुणाचा शब्द पुसला जाऊ नये. पण ते मोठं काम होतं, महिनाअखेरीआधी होण्यासारखं नव्हतं. त्या दिवसापुरती भिस्त सगळी त्या एका ओळीवर.

बुकिंगच्या सकाळी मी खिडकीमागे जाऊन बसले तेव्हा रांग फाटकाबाहेर गेली होती. राणेसाहेब आमच्या पाठीशी उभे, हाताची घडी घालून. नलूताईंनी सगळ्यांत आधी काय केलं असेल, तर दोन खुर्च्या धरल्या. नाव सांगितलं नाही. मला कळलं.

"येणार आहेत का ते?"

"काय माहीत. मी निरोप पाठवलाय. आले तर जागा असायला हवी."

मग जे सुरू झालं! बदल, बदल, बदल. वरची वाडी, खालची वाडी, गुडघे, खोकला, रुसवे, नवे जावई. माझे डोळे तळावर खिळलेले. करवतीचे दाते भराभर चढत होते आणि झाडूवाला फिरला की सपकन खाली, आधी होते तिथेच. पुन्हा वर, पुन्हा तिथेच. मला उठून नाचावंसं वाटत होतं. इतकं सुंदर चित्र मी तरी आजवर पाहिलेलं नाही, आणि ते शेजारच्या कुणाला दाखवावं तर नुसत्या रेघा.

दुपारी गर्दी जरा ओसरली तेव्हा राणेसाहेब खाकरले. खाली वाकून हळूच म्हणाले, "तावडेबाई, आमच्या वहिनीची खुर्ची... पंख्याखाली आलीय. सर्दी होते तिला."

नलूताईंनी चष्म्यावरून बघितलं. "मोबाइलवर बघितलंत?"

"तिथे ते... नाय होत."

"बरं बरं. बदलते." आणि त्यांनी बदलली. राणेसाहेब मग खिडकीबद्दल काहीच बोलले नाहीत. त्यानंतरच्या समितीच्या बैठकीतही तो विषय निघाला नाही, असं पुढे कळलं.

खिडकी मिटायची वेळ झाली. नाट्यगृह भरलं होतं, फक्त त्या दोन खुर्च्या नकाशावर पिवळ्या होत्या. धरलेल्या. मोबाइलवरून कुणीतरी त्या पुन्हा पुन्हा मागत होतं आणि सर्व्हर प्रत्येक वेळी नाही म्हणत होता. नलूताई पाठ ताठ करून फाटकाकडे बघत बसल्या होत्या. त्यांनी जेवणाचा डबाही उघडला नव्हता.

आजोबा आले. सोबत शाळकरी नात. खिडकीपाशी येऊन थांबले, गजांना धरलं, आत वाकून बघितलं.

"नलू. जागा हा?"

"हा, आजोबा. दोन."

त्यांनी तिकिटं हातात घेतली, लांब धरून क्रमांक वाचला, नातीकडून पुन्हा वाचून घेतला. मला वाटलं आता जातील. ते गेले नाहीत. तिकिटं त्यांनी परत खिडकीत सरकवली.

"नलू, माका कडेची मिळात काय गो? पाय लांब करूक होयो."

पूर्ण भरलेल्या नाट्यगृहात कडेची खुर्ची! नलूताईंनी फोन उचलला, कुणाला तरी "अरे, तू तरणाताठा, तुला कडेला बसून काय करायचंय" म्हणून झापलं, आणि फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. बोट बटनावर होतं.

"बदलू?"

मी कानांच्या आकड्यावर नजर ठेवली. "बदला."

त्यांनी बदललं. आकडा होता तिथेच राहिला.